खडकावरचे खळगे

७ एप्रिल, सोमवार

दगड आला! सात फूट, करडा ग्रॅनाइट, थेट जॉर्जियाहून. उतरवताना एक कोपरा फळीला घासला असं वाटलं, म्हणून पुन्हा पुन्हा हात फिरवून पाहिला. काही नाही. मालक व्हर्लिन म्हणाले, "प्रोफेसर, दगड आहे तो, बाळंतीण नव्हे." माझी चेष्टा केल्याशिवाय व्हर्लिनना जेवण जात नाही. दहावीत शाळा सोडलेल्याला प्रोफेसर म्हणायचं! पण दुकानात शब्दकोश कुणाच्या खणात आहे? माझ्याच. थडग्यावरचं अक्षर चुकलं की माणूस कायमचा चुकीच्या नावाने झोपतो.

मजकूर ब्रदर गार्लंड स्वतः घेऊन आले. ते आमच्या चर्चचे पास्टर, आणि खरं तर नगरसभाही त्यांचीच—पाचातले चार सभासद रविवारी त्यांच्यासमोर बसतात. मजकूर म्हणजे गाव वसवणाऱ्या कॅप्टन मेबरीची प्रार्थना. शाळेत झेंड्याला वंदन झालं की लगेच हीच म्हणायचो. वाचायचीही गरज नव्हती, तरी वाचली—

"प्रभू, ही दरी आम्ही तुला दिली. हिचं पाणी, हिचं लाकूड, हिची माणसं. जोवर आम्ही गुडघे टेकू, तोवर तू आम्हाला उभं ठेव."

खाली: कॅप्टन इझेकिएल मेबरी, १८०५.

दगड टेकडीवर बसवायचा, कबरस्तानाच्या वरच्या अंगाला, जिथे खडकात कॅप्टनच्या गुडघ्यांचे दोन खळगे आहेत. डेकोरेशनच्या दिवशी अनावरण. मे महिन्याचा शेवटचा रविवार. सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं घालायला वर चढतं, तिथेच जेवतं, आणि शेवटी खडकापाशी गुडघे टेकतं. यंदा राजधानीतून आमदारही येणार.

"हा देश गुडघे टेकून जन्मला, ऑरिन," ब्रदर म्हणाले, "आणि विसरला. एका दरीने आठवण करून दिली तरी पुरे."

अंगावर काटा आला. मग म्हणाले, त्याच दिवशी दगडापुढे नवा ठराव वाचायचा. जुन्या शाळेच्या इमारतीत जे व्यसनमुक्तीचं क्लिनिक चालतं, त्याचा करार जूनमध्ये संपतो. तो वाढवायचा नाही. जमीन देवाला दिलेली. तिथे एका नशेच्या जागी दुसरी नशा वाटायची नाही. मलाही पटलं. आमच्या घरात माझा भाऊ लोवेल आहे ना—क्लिनिकशिवाय सुटलेला, चालता बोलता पुरावा!

९ एप्रिल, बुधवार

काल चर्चच्या तळघरात लोवेलची मंगळवारची बैठक, व्यसन सोडू पाहणाऱ्यांची. मी खुर्च्या मांडायला जातो. सगळ्यांची कहाणी एकच—खाणीत पाठ गेली, डॉक्टरने गोळ्या दिल्या, मग गोळ्यांनी माणूस नेला. लोवेल त्यांना सांगतो: "मीही असाच होतो. आईच्या अंगठीपर्यंत सगळं विकलं. मग चार वर्षांपूर्वी डेकोरेशनच्या दिवशी त्या खडकावर गुडघे टेकले. उठलो तो दुसराच माणूस." लोक रडतात. मीही रडतो, दर वेळी. माझा मोठा भाऊ! त्याची मुलगी जोसी परत आमच्या घरात राहायला आली ती या चार वर्षांमुळेच. कोर्टानेच दिली.

१२ एप्रिल, शनिवार

मिस ओपल स्कॅग्ज दुकानात आल्या. नव्वदी ओलांडली. हातात काठी, ओठांना लाली. अर्ध्या गावाला त्यांनी वाचायला शिकवलंय, मला तिसरीत. स्वतःचा दगड स्वतः निवडायचा म्हणाल्या.

"पुतण्यावर सोडलं तर तो वर देवदूत बसवील. मला जन्मभर—म्हणजे त्यानंतर—डोक्यावर कोंबडी बसल्यासारखं वाटत राहील."

साधी गुलाबी शिळा निवडली. मजकूर सांगितला: नाव, जन्म, मृत्यू, आणि खाली एक ओळ—"मेबरीची प्रार्थना हिने लिहिली."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"१९५५ साली गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून नाटक बसवलं. मी एकवीस वर्षांची मास्तरीण. कॅप्टन झाला होता हॉब स्लोन, आपला न्हावी. त्याने घोड्यावरून येऊन भाषण ठोकायचं. घोडा कसला, खाणीतलं खेचर! बँड वाजला, खेचर उधळलं, हॉब खाली. पुन्हा चढेना म्हणजे चढेनाच. म्हणाला, जे काय करायचं ते जमिनीवरून करतो. मग मी म्हटलं, गुडघे टेक. आणि तंबूमागे उभ्या उभ्या त्याला चार ओळी लिहून दिल्या. खेचराचा दोर कुणी धरला होता माहीत आहे? या गार्लंडच्या बापाने."

"पण खडकावरचे खळगे?"

"गुडघ्यांनी खडक खचतो होय रे? इथल्या मूळच्या चेरोकी बायका त्यात मका कुटायच्या, आपण इथे यायच्या कितीतरी आधी. माझी आई त्यात अक्रोड फोडायची. मी तुला तिसरीत शिकवलं नाही हे?"

"नाही, मिस ओपल."

"नाहीच शिकवलं. नोकरी टिकवायची होती."

मग कॅप्टन इथे आला तरी कशाला, मी विचारलं.

"एक बायको व्हर्जिनियात होती, दुसरी टेनेसीत. मधली जागा शोधत होता."

जाताना काठीने माझ्या बुटाला टोचलं. "प्रूफ काढून ठेव. सही करायला येते." कागदावरच्या मजकुरावर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय आम्ही दगडाला हात लावत नाही. हा दुकानाचा पहिला नियम.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून प्रार्थना म्हटली. माझ्या डोळ्यांपुढे खेचर.

१४ एप्रिल, सोमवार

मालकांना सांगितलं. वाटलं, दचकतील. सँडविच खात राहिले.

"बरं मग?"

"मग आपण मोठ्या दगडावर कापायचं की कॅप्टनने लिहिली, आणि तिथून हाकेच्या अंतरावर दुसऱ्या दगडावर कापायचं की मिस ओपलनी लिहिली?"

"प्रोफेसर, आपण लिहीत नाही. आपण कापतो. अक्षर आपलं, खरं-खोटं गिऱ्हाइकाचं. या कबरस्तानात 'प्रेमळ पती' किती जणांच्या दगडावर आहे? त्यातले निम्मे मी ओळखत होतो." हात झटकले. "दोन्ही काप. दगडांना भांडू दे आपसांत."

हसू आलं. पण घरी येईपर्यंत ते गेलं. नखं खायची नाहीत असं ठरवलं होतं. खाल्ली.

२२ एप्रिल, मंगळवार

कसं लिहू?

नगरसभेला नव्या दगडाच्या मागच्या बाजूवर जुन्या शाळेचं सालही हवं होतं. शाळेच्या कोनशिलेवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घ्यायला मी सकाळीच गेलो. कोनशिला मागच्या अंगाला, क्लिनिकच्या दाराजवळ. गुडघ्यांवर बसून पेन्सिल घासत होतो. शेजारून माणसांची रांग सरकत होती. मी मान वर करत नव्हतो. लोकांना बघितलेलं आवडत नाही. समोर बूट आले. डाव्या बुटाला निळी नाडी. ती जोसीने ओवलेली आहे.

लोवेल. हातात क्लिनिकच्या औषधाचा छोटा कागदी पेला.

त्याने माझ्याकडे पाहिलं, पेला तोंडाला लावला, चुरगळला, टोपलीत टाकला. म्हणाला, "गाडीत बस."

२३ एप्रिल, बुधवार

काल तेवढंच लिहून झालं. आज पुढचं लिहितो. ट्रकचं दार लावलं. मग मीच म्हटलं, "किती दिवस?"

"चार वर्षं."

"म्हणजे खडक—"

"खडक खरा आहे." स्टिअरिंगवर मूठ मारली. "त्या दिवशी मी मरायला वर चढलो होतो, ऑरिन. सगळ्यांच्या बरोबर गुडघे टेकले, आणि शेजारच्या म्हातारीने न बघता माझा हात धरला. त्यामुळे उठलो. पण दुसऱ्या दिवशी अंग फुटायला लागलं तेव्हा म्हातारी नव्हती. उठायला ते लागलं. उभं राहायला हे लागतं. रोज."

"मग सांगत का नाहीस तसं?"

"काय सांगू? गुडघे ऐकायला बरे वाटतात. पेला ऐकवत नाही कुणाला. मंगळवारची पोरं खडकाची गोष्ट ऐकून येतात. आली की त्यातल्या चार-पाच जणांना मीच गुपचूप मागच्या दाराने घेऊन जातो इथे."

मी विचारलं, "जूनमध्ये हे बंद झालं तर?"

त्याने बोटांवर मोजून दाखवलं. पुढचं क्लिनिक डोंगरापलीकडे, जायला दोन तास, यायला दोन तास, रोज. त्याचं छपरं घालायचं काम जाईल. काम गेलं की जोसी जाईल. जोसी गेली की—

"ब्रदरना सांगूया," मी म्हटलं.

"तोंड उघडलंस तर बघ. जोसीच्या आईचा वकील हेच ऐकायला टपलाय."

२४ एप्रिल

सकाळी तो बाहेर पडला की मी खिडकीशी उभा राहतो. पूर्वी वाटायचं प्रार्थनेला जातो.

२ मे, शुक्रवार

लोवेलचं नाव न काढता ब्रदरशी बोलायचं ठरवलं. कारण एक—प्रार्थनाच कॅप्टनची नसेल तर जमीन देवाला दिली कुणी? न्हाव्याने? मग ठराव कशाच्या आधारावर? हे वाक्य मी सबंध आठवडा पाठ करत होतो.

चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी कॉफी दिली. मी म्हटलं, "ब्रदर, ती प्रार्थना मिस ओपलनी लिहिली ना?"

त्यांनी कप खाली ठेवला. "बारा वर्षांचा होतो तेव्हा वडिलांनी सांगितलं. खेचरासकट." आणि हसले! चांगलं, मनापासून हसू. मी काय तयारी करून आलो होतो, आणि ते हसले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"ऑरिन, खाण गेली. रेल्वे गेली. शाळा गेली. पोरं ओहायोला गेली. आपलं म्हणावं असं काय उरलं या गावात? एक खडक. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं तिथे मांडीला मांडी लावून जेवतात. ते खोटं आहे?"

"नाही."

"लोवेल उठला ते खोटं आहे?"

मी कॉफीचा घोट घेतला. लोवेलचं नाव काढायचं नव्हतं.

"कमान बांधताना खाली लाकडी आधार देतात. कमान पक्की झाली की मग आधार काढतात. कमान ओली असतानाच तू आधाराचं लाकूड कुठल्या झाडाचं ते विचारत फिरतोयस."

"पण क्लिनिक, ब्रदर. त्याचा काय संबंध?"

आता हसू गेलं. "दोन पोरांना मी पुरलंय ज्यांच्या खिशात त्या क्लिनिकचं कार्ड होतं. तू दगड कापलेस त्यांचे. आठवतं?" आठवतं. "आणि गोष्ट नुसती सांगायची नसते. वापरली नाही तर मरते."

उत्तरं मला नेहमी ट्रकमध्ये बसल्यावर सुचतात. कमानीला आधार दिलात, ठीक. पण तेच लाकूड उपसून कुणाच्या डोक्यात घालायचं? शिवाय खिशात कार्ड असूनही मेलेले दोन तुम्हाला दिसले. पेला पिऊन जगलेला तर दर रविवारी तुमच्या पहिल्या बाकावर बसतो! हे सगळं मी पेट्रोल पंपापाशी मोठ्याने बोललो. पंपावरची बाई बघत होती.

५ मे, सोमवार

मोठा दगड कापला. रबराचा साचा चिकटवला, अक्षरं सुरीने सोडवली, मग वाळूचा मारा. 'उभं ठेव' पाशी हात थांबला. वाक्य चांगलं आहे. कुणीही लिहिलेलं असो.

मिस ओपलचं प्रूफ अजून काढलं नाही. काम खूप आहे. (काम इतकं नाही.)

१२ मे, सोमवार

नगरसभा. ठरावाचं पहिलं वाचन. दोन वाचनं झाली की कायदा; दुसरं टेकडीवर. खोली तुडुंब, झेंड्याशेजारी क्रूस आणून ठेवलेला.

क्लिनिकची नर्स उठली. परगावची. म्हणाली, औषध अचानक बंद केलं तर माणसं मरतात, ही माझी भीती नाही, हे घडतं. मागून कुणीतरी म्हणालं, "मग आपल्या गावी ने त्यांना!" हशा. तिने कागद घडी केले आणि बसली.

मग ब्रदरनी लोवेलला पुढे बोलावलं. बोलावणार हे मला माहीत असायला हवं होतं.

लोवेल उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट. जोसी पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेली, आणि दोन रांगा मागे तिच्या आईचा वकील. "मी खडकावर गुडघे टेकले," तो म्हणाला. "उठलो तो दुसराच माणूस." तेच वाक्य, त्याच सुरात. टाळ्या. एकही मत विरोधात नाही.

नंतर तो इमारतीमागे गेला. मी गेलो. भिंतीला हात लावून ओकत होता. मला म्हणाला, "स्वतःचा दोर स्वतःच वळला रे मी." आणि मग, तोंड पुसत, "जोसीला बर्गर कबूल केलाय. चल."

गेलो. खाल्ला त्याने. बर्गर, बटाटे, सगळं.

१३ मे, मंगळवार

मिस ओपलकडे. पोर्चवर बसल्या होत्या. मी म्हटलं, डेकोरेशनच्या दिवशी तुम्ही उठून सगळ्यांसमोर खरं सांगा. तुमचं ऐकतील. क्लिनिक वाचेल.

"सांगितलंय की. शहात्तर साली, याच गावात, माइकवरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायकांनी केक दिला. पुढच्या वर्षी पुन्हा गुडघे. आणि खळगे म्हणे अजून खोल झालेत!"

"राग नाही आला?"

"केक चांगला होता." खुर्ची झुलवत राहिल्या. "माझ्या आधी इथे अस्वल होतं, ठाऊक आहे? मी लहान असताना सगळे सांगायचे, मेबरीने अस्वलाशी कुस्ती केली म्हणून दरी त्याची. ते खोटं आहे हे माझे वडील ओरडून सांगायचे. कुणी ऐकलं नाही. मग माझी प्रार्थना आली. एका उन्हाळ्यात अस्वल मेलं. आज विचार कुणालाही अस्वलाचं."

मी विचारलं, मग दगडावर ती ओळ कशाला हवी, कुणी ऐकत नाही तर?

"दगड वाद घालत नाही रे पोरा. नुसता उभा राहतो. कधीतरी एखादं पोर वाचेल." मग शिक्षिकेच्या आवाजात: "प्रूफ आणलंस?"

"शुक्रवारी आणतो."

"शुक्रवारी," त्या म्हणाल्या, जसं काही मी गृहपाठ विसरलो होतो.

१६ मे, शुक्रवार

प्रूफ काढलं. दुपारी घेऊन गेलो. दारात रुग्णवाहिका, दिवा बंद.

झोपेतच गेल्या म्हणे.

१९ मे, सोमवार

दफन झालं. पुतण्या डेटनहून आलेला, सभ्य माणूस, सारखा घड्याळ बघत होता. मी सही नसलेलं प्रूफ दाखवलं. त्याने ती ओळ वाचली, खांदे उडवले. "आत्याच्या डोक्यात काय काय असायचं. तुम्ही तिला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. ओळ ठेवायची तर ठेवा, नाही तर नको. तुम्ही ठरवा." आणि त्याने खाली सही केली. आता सही आहे. आता नियमही माझ्या मदतीला नाही.

आपण लिहीत नाही, आपण कापतो—मालक, आता काय?

२० मे, मंगळवार

टेकडीवर मोठ्या दगडाचा पाया बसवला. रीथा मावशी तिथेच, नवऱ्याच्या कबरीवरचं गवत खुरपत होत्या. गावातली कुठलीही बातमी आधी त्यांच्या पोर्चवर येते, मग वर्तमानपत्रात. पाणी दिलं त्यांना. खडकावर बसून बोललो.

काय बोललो ते लिहीत नाही.

पाया पुन्हा मोजला. सरळ आहे. पुन्हा मोजला.

२१ मे

झोप नाही. जेवण नाही. लोवेल म्हणतो, नशा मी केली आणि थरथरतोस तू!

२३ मे, शुक्रवार

मालक सकाळी आले ते गोष्ट घेऊनच. "ऐकलंस का प्रोफेसर? खडकावर दोन खळगे आहेत ना, त्यातला फक्त एक गुडघ्याचा. दुसऱ्यात कॅप्टनची बायको औषध कुटायची, तापकऱ्यांसाठी. पहिल्या हिवाळ्यात निम्मी वस्ती तिने वाचवली. रीथा सांगत होती."

"अस्सं," मी म्हटलं.

"मी म्हटलं, मला माहीतच होतं. माझी आजी त्याला 'औषधाचा खळगा'च म्हणायची."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत होतं.

२५ मे, डेकोरेशनचा रविवार

सविस्तर लिहायला हवं, पण डोकं भणभणतंय.

हवा स्वच्छ. प्रत्येक कबरीवर फुलं, बहुतेक प्लॅस्टिकची. आईच्या दगडावर जोसीने खरी घातली. झाडाखाली लांब टेबलं—कोंबडी, बीन्स, मक्याचा पाव, रीथा मावशींचं केळ्यांचं पुडिंग. आमदाराने दोनदा घेतलं. कापड ओढलं, दगड दिसला, लोक "आमेन" म्हणाले. अक्षरं उन्हात सुरेख दिसत होती. सगळ्यांनी गुडघे टेकले. मीही. प्रार्थना म्हटली. शेजारी लोवेल, कपाळावर घाम.

मग ब्रदर उठले आणि ठराव उघडला. "ही दरी आपण देवाला दिली. म्हणून इथे—"

"ब्रदर," रीथा मावशी म्हणाल्या. सगळ्यांसारख्या त्याही अजून गुडघ्यांवरच होत्या. "मध्ये बोलते, माफ करा. पण औषध देणाऱ्यांना घालवायचं ते याच जागेवरून? जिथे कॅप्टनच्या बायकोने औषध कुटलं?"

कुणी हसलं नाही. मागून आवाज आला, "हो, माझी आजीही सांगायची." आणखी एक: "आमच्याकडेही सांगतात." नगरसभेतल्या एकाने टोपी काढून डोकं खाजवलं: "ऐकलंय खरं मी." मला वाटलं, जमीन सरकतेय.

ब्रदरनी खळग्यांकडे पाहिलं. मग माणसांकडे—सगळे गुडघ्यांवर, सगळे त्यांच्याकडे बघत. त्या क्षणी ते काय मोजत होते ते मला माहीत आहे, कारण मीही तेच मोजत होतो: किती माना डोलल्या. कागद घडी करून त्यांनी खिशात ठेवला. "आज मृतांचा दिवस आहे. राजकारण पुन्हा कधी," म्हणाले. आणि आमदाराच्या हातात पुडिंगची तिसरी वाटी दिली.

उतरताना लोवेलने विचारलं, "तुला माहीत होती ही गोष्ट? आईने मला कधी सांगितली नाही."

"सांगितली असेल. तुला आठवत नसेल," मी म्हटलं.

थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "हां. काहीतरी औषधाचं सांगायची खरी."

२ जून, सोमवार

क्लिनिकचा करार वाढला. विरोधात एकही मत नाही.

३ जून, मंगळवार

ब्रदर गार्लंड दुकानात आले. खडकाशेजारी अजून एक छोटा दगड हवाय. मजकूर: "याच खळग्यात मार्था मेबरी आजाऱ्यांसाठी औषध कुटत असे. १८०५." मार्था! नाव मी ठेवलं नव्हतं. मी रीथा मावशींना फक्त 'बायको' म्हटलं होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या, "तू सांगतोस म्हणजे तसंच असणार. तुझं अक्षर कधी चुकत नाही."

"वडील नेहमी सांगायचे ही गोष्ट," ब्रदर म्हणाले. माझ्या डोळ्यांत बघून. मी काही विचारलं नाही. त्यांनीही नाही.

दुपारी मिस ओपलचा दगड उभा केला. नाव, आणि दोन सालं. ती ओळ घातली नाही. एखादं पोर वाचेल आणि विचारेल—धोका नको.

संध्याकाळी ब्रदरच्या प्रूफवर सही झाली. स्पेलिंग शब्दकोशात तपासलं, एकेक शब्द. कुठेही चूक नाही.